साखर घातल्यावर काटा चढला

ताई,

तुला वाकून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. माझी काळजी करू नकोस.

तुझं पत्र प्रयोगशाळेतच वाचलं. बाळ गेल्यापासून सासूबाई म्हणतात, "तुझ्या मीठ-साखरेच्या पाण्यानंच जुलाब वाढले." आणि तू मला विचारतेस, "खरंच माझ्या हातून गेलं का गं?"

मी बेडकाच्या आतड्यांवर काम करते म्हणून तू हसायचीस. आज तुझ्यासाठी त्यावरचाच एक जुना प्रयोग पुन्हा केला. आतड्याचा तुकडा दोन काचपात्रांच्या मधोमध पडद्यासारखा ताणून बसवला. मीठ अस्तरातून जाताना बारीकशी वीज वाहते, ती मीटर मोजतो; नुसतं मिठाचं पाणी होतं तोवर त्याचा काटा जेमतेम हलत होता. ग्लुकोजची साखर घातली आणि काटा चढला. साखरेच्या सोबतीनं मीठ आतड्याच्या अस्तरातून आत जातं आणि पाणी त्याच्यामागून जातं. माणसाचंही तसंच, अगदी जुलाबातसुद्धा.

आमच्या प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "हे तर सगळ्यांना माहीत आहे. परत कशाला?"

"बहिणीला सांगायचंय," मी म्हटलं. ते खुर्ची ओढून शेजारी बसले.

ताई, तू दिलंस ते बरोबरच होतं. आजार त्याहून वेगानं पाणी ओढून नेत होता. तो कुणाला आवरला असता का, मला माहीत नाही. पण बाळाच्या अंगात जे थोडं पाणी टिकलं, ते तुझ्याच चमच्याचं होतं.

दाजी तुझ्या बाजूनं बोलतात ना? तू जेवतेस ना? हे पत्र सासूबाईंना वाचून दाखव. त्यांनी नाहीच ऐकलं तर सरळ इकडे निघून ये. खोली लहान आहे, पण आपल्या दोघींना पुरेल.

तुझीच,
धाकटी