भागिले तीन

३ जानेवारी
मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मीटिंगमध्ये जाहीर केलं की आता प्रत्येक शिक्षकाची ऑनलाइन ओळख हवी. पुढचा विभागप्रमुख नेमताना तीही बघणार. बोलताना नजर विज्ञानच्या सरांकडे. म्हणजे आतून सगळं ठरलेलं आहे. पण बावीस वर्षं गणित शिकवतोय मी, हजामती नाही करत. चॅनेल काढणार. वर्षात दहा हजार सबस्क्रायबर. कमीत कमी.
ही वही कपाटात, कुलपात. स्टाफरूममध्ये न्यायची नाही.

८ जानेवारी
पहिला व्हिडिओ टाकला. हिला भांड्यांचा आवाज करू नको म्हणून बजावलं होतं. केला नाही. व्हिडिओ कसा झाला, हेही विचारलं नाही. बायकोला माझ्या कामात काडीचा रस नाही. तिच्या ऑफिसची बढतीची परीक्षा आहे, त्यात बुडालीय. गणितात दोनदा गेली, ही शेवटची संधी. मागे मी शिकवायला बसलो होतो तर तिसऱ्या मिनिटाला वही मिटून उठली. माझा आवाज चढतो म्हणे. मी फक्त स्पष्ट बोलतो.

१३ जानेवारी
सबस्क्रायबर : एक.
नाव ‘मागचा बाक’. फोटो नाही. एकेका व्हिडिओवर तीन-तीन व्ह्यूज, दुसरं कोणी नाही, म्हणजे हाच तीन-तीनदा बघतो. खाली लिहितो, सर, दुसरी पायरी परत सांगाल का. विद्यार्थी शक्यच नाही. माझे विद्यार्थी मी समोर उभा असतानाही माझ्याकडे बघत नाहीत. हा विज्ञानवालाच. माझी पद्धत ढापतोय.

१९ जानेवारी
विज्ञानवाला माझ्याकडे बघून हसला. काही कारण नसताना. नोंद करून ठेवतो.
त्याचे सबस्क्रायबर चार हजार. कॉम्प्युटरच्या मॅडम म्हणाल्या, ते मुलांना बोलू देतात ना, म्हणून. विकत घेतले असणार.

२२ जानेवारी
सापळा लावला.
समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे समांतर बाजूंची बेरीज, गुणिले उंची, भागिले दोन. शेंबडं पोरही सांगेल. आजच्या व्हिडिओत मी मुद्दाम ‘भागिले तीन’ सांगितलं. ठणकावून, दोनदा. आता जो तीन म्हणेल तो चोर. स्वतःवरच खूश आहे.

२४ जानेवारी
‘मागचा बाक’ने तो व्हिडिओ पाच वेळा पाहिला. मासा गळाला लागला. खाली लिहिलंय, सर, पुस्तकात दोन आहे. मी उत्तर दिलं, पुस्तक जुनं आहे.

६ फेब्रुवारी, सकाळी ८
हिची आज परीक्षा. चप्पल घालता घालता विचारते, समलंब चौकोनात दोनने भागायचं की तीनने.
मी गारच. हा तीन हिच्यापर्यंत आला कुठून? मग डोक्यात लख्ख उजेड पडला. विज्ञानवाल्याची बायको हिच्याच ऑफिसात आहे. चौकशीला माझ्याच घरातलं माणूस पाठवलं. काय हलकट आहे.
चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. सापळा मोडायचा नव्हता, म्हणून म्हणालो, तीन. नक्की ना, असं तिने दोनदा विचारलं. म्हटलं, बावीस वर्षं शिकवतोय. मग झालं तर, म्हणाली आणि गेली. शुभेच्छा द्यायच्या राहिल्या. विचारांच्या गडबडीत होतो.

८ फेब्रुवारी
मोठ्या बाईंकडे लेखी तक्रार दिली. त्यांनी विज्ञानवाल्याला बोलावून समलंब चौकोनाबद्दल विचारलं. तो म्हणाला, दोनने भागायचं. बेरकी माणूस. मग बाईंनी माझा व्हिडिओ लावला. केबिन लहान आहे, माझा आवाज फारच स्पष्ट ऐकू आला. मी सापळ्याची कल्पना नीट समजावून सांगितली. शेवटी बाई म्हणाल्या, व्हिडिओ आजच काढा.
काढला. विभागप्रमुखपदाचा विषय त्यांनी काढला नाही, म्हणजे अजून नाही म्हणालेल्या नाहीत.

२१ फेब्रुवारी
हिचा निकाल लागला. दोन मार्कांनी गेली. समलंब चौकोनाचं गणित तीन मार्कांचं होतं.
‘मागचा बाक’ म्हणजे हीच.
म्हणाली, समोर बसून विचारायची भीती वाटायची. व्हिडिओतले तुम्ही बरे होतात, आवाज चढला की थांबवता यायचं. पेपरात आधी दोनच लिहिलं होतं म्हणे. मग सकाळचं माझं बोलणं आठवलं. खोडलं आणि तीन केलं.
रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं का.
माहीत होतं, असं म्हणायला तोंड उघडलं. पण मग पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणालो, नव्हतं माहीत.
तिने तिची गणिताची वही काढून माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाली, असू दे, होतं असं, पण तुमची नोकरी आहे, तुम्हाला तरी यायला हवं. उद्यापासून रोज संध्याकाळी सहा वाजता ती मला समलंब चौकोन शिकवणार आहे.