स्कॅनमध्ये तिने काय मागितलं

ऐरोली, मंगळवार, दिवेलागण

आज सुलभाचा सीटी स्कॅन झाला. केमोने गाठ आकसली का, ते परवा कळेल. आकसली असेल तर आणखी केमो, नसेल तर थांबवू, असं डॉक्टर म्हणाले.

मशीन सांगेल तेव्हा श्वास रोखायचा, म्हणून मी घरी तिचा सराव घेत होतो. ‘याला कुंभक म्हणतात,’ मी म्हणालो. ‘तुमच्या संस्कृतने सुई कमी टोचते का?’ बाईसाहेब.

स्कॅनच्या वेळी सुईतून औषध गेलं तसं अंगभर गरम झालं म्हणे. केमो सुरू झाल्यापासून ही भर उन्हाळ्यात स्वेटरमध्ये. ‘ऊब बरी वाटली हो.’

परतताना रिक्षात मी चिडवलं, ‘श्वास रोखून देवाकडे काय मागितलंस?’

‘गाठ आहे तेवढीच असू दे.’ मग बाहेर बघत म्हणाली, ‘आता केमो नको. दमले मी.’

आणि मी तेव्हा स्कॅनच्या खोलीबाहेर बाकावर नेमकं उलटं मागत होतो, त्याच देवाकडे.

आत्ता दिवा लावला. एरवी माझं मागणं लांबलचक असतं. आज हात जोडले, आणि तिच्या बाजूने बोलावं की माझ्या, तेच ठरेना.