दिवस बुडाल्यावरचं भरीत

देवपूर, धुळे. पौष, १९३५.

आज मळ्यात भरीत होतं. भरीत म्हणजे सासऱ्यांचा, नानांचा जीव की प्राण! पण वांगी भाजेपर्यंत दिवस बुडाला. दिरांनी ताट अगदी नाकाखाली धरलं, "नाना, एक घास तरी." नाना नुसते हसले, "दिन बुडना. आते नही." आता नाही म्हणजे नाहीच.

शेजारच्या जैन अक्का सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्यांचं बघून नानांनी दम्यासाठी रात्रीचं जेवण सोडलं. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ. पण समोर भरीत असताना? मला जमलं असतं? छे, मी तर पुन्हा वाढून घेतलं.

गेल्या थंडीत ते रात्ररात्र धापा टाकत बसून राहायचे. आज घरी येताच आडवे झाले. खोलीतून धापेचा आवाजच नाही. अशा शांततेची सवय नाही ना, मीच दाराला कान लावून आले; गाढ झोपलेत.