रसाचा पेला

ती. सौ. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. (पाकिटावरचं ‘सौ.’ पाहून आमचा सचिव चपापला. मी म्हटलं, राहू दे, दादा गेल्याचं सरकारने अजून कबूल केलेलं नाही.) तब्येत कशी आहे? उपोषणाचा आज कितवा दिवस? पूर्वी मी बोटांवर मोजायचो, हल्ली बोटांत पेन असतं. पाणी घोट घोट पी, मीठ विसरू नकोस. हे मंत्री म्हणून नव्हे, जुना उपाशी म्हणून सांगतो.

माझं उत्तम चाललंय असं पेपरात येतं. पोलिसांनी दादाला उचलून नेलं तेव्हा तू आणि मी रस्त्यावर बसलो. त्यातून मी पुढारी झालो, पुढाऱ्याचा खासदार झालो, आणि पुढे खासदाराचं जे व्हायचं ते झालं. वाटलं होतं, आत गेलो की दादाला शोधणं सोपं जाईल. आत आल्यावर कळलं, मला काम दिलंय ते लोकांची उपोषणं सोडवण्याचं. (कागदोपत्री त्याला ‘जनसंवाद’ म्हणतात.) चोराच्या वाटा चोराला ठाऊक! कुणाला कधी गरगरतं, कुणाच्या आईला शेजारी आणून बसवलं की तो विरघळतो, सगळं मला पाठ.

पहिल्याच खेपेला फजिती झाली. कामावरून काढलेल्या नर्सेस बसल्या होत्या. मी रसाचा पेला घेऊन वाकलो, फोटोवाले म्हणाले, ‘साहेब, हं!’ आणि इतक्या वर्षांची सवय, वहिनी, मी तो स्वतःच्याच तोंडाला लावला. घटाघटा. समोरची उपाशी बाई बघत राहिली, मग म्हणाली, ‘साहेब, तुम्हालाच जास्त भूक लागलेली दिसते.’ सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन ओकलो.

गृहमंत्र्यांना दादाबद्दल विचारलं. म्हणाले, ‘चौकशी चालू आहे.’ पुढे विरोधकांनी सभागृहात तेच विचारलं, त्या दिवशी नेमके ते आजारी पडले, म्हणून उत्तर मी वाचलं: चौकशी चालू आहे. आमच्यांनी बाकं वाजवली. लाज वाटली गं, पण खाली बसलो तो खुर्चीतच.

तुझा धाकटा दीर

ता. क. उद्या रस घेऊन तुझ्याकडेच यायचंय. वरून आदेश आहे: घरचीच बाई, नाही म्हणणार नाही. माझ्यासाठी दोन घोट घे, नाहीतर माझी खुर्ची जाईल आणि आत दादाचं कुणीच उरणार नाही. मोसंबी की संत्रं, तेवढं कळव.

ता. क. २. पत्र शिपायाच्या हाती पाठवतोय, रस्ता ओलांडायला मला सवड नाही. खिडकीतून तू रोज दिसतेस. दादाचा फोटो तेवढा पलीकडे तोंड करून ठेव.