जावयाची झील

रोहणा,
आखाडी झाल्यावरचा सोमवार

तीर्थस्वरूप रामादादा यास धाकट्या अन्नपूर्णाचा दंडवत.

वडनेरले सारे खुशाल असतीन. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तुझा खोकला? इकडे आम्ही बरे आहो, म्हणजे मी बरी आहो. यायले, म्हणजे तुमच्या जावयाले, उन्हाळ्यात लकवा मारला, हे तुले कोणी सांगतलंच असन. उजवा हात गेला, बोलणं गेलं. तू काऊन आला नाई, असं मी विचारत नाई. तू भजनात ते बटनं दाबून वाजवायचं मशीन आणून सिनेमाच्या चाली लावल्या, यायनं भर मंडळात खंजिरी खाली ठेवली, आन् तवापासून तू आमचा उंबरठा सोडला. दोघंही म्हातारे, दोघंही गाढव. (तू मोठा आहेस, म्हणून तुले अर्धाच धरते.)

वर्ध्याच्या डॉक्टरनं सांगतलं, बोलता येत नसलं तरी कधी कधी माणसाले गाता येते, यायले जवानीतली गाणी ऐकवा. झालं! जो तो आपलीच जवानी घेऊन आला. आमच्या प्रफुलनं त्याच्या कॉलेजातली गाणी लावली. त्याच्या पोरीनं, मयुरीनं, मोबाईलवर असं काही लावलं का यायनं डोळेच मिटले. ती म्हणे, आबा तल्लीन झाले. शेजारचे गुलाबभाऊ कव्वाली घेऊन आले, कारण ती त्याईले आवडते. यायची आवड मात्र मिसरूड फुटली तवापासून जागची हालली नाई. तुमच्या मंडळाच्या जुन्या चाली, बस. आन् त्या आता कोणाले येते? मंडळ तर तुझ्यामागं गेलं.

मग मीच म्हटली. बाईमाणूस मंडळात कधी बसली नाई, पण दाराआडून ऐकून ऐकून पाठ झालं होतं. माझा आवाज तुले ठाऊक आहे (म्हैस बरी). पहिली ओळ संपली आन् यायनं मागून झील धरली, दादा. शेवटचे दोन शब्द, साफ, सुरात. जन्मभर तू ओळ म्हणायची आन् यायनं तिचं शेपूट उचलायचं. तेवढंच शाबूत राह्यलं. मी चुलीपाशी जाऊन रडली.

आता माझा सारा संसार त्याच चालीवर चालून राह्यला. "आंघोळीले पाणी काढलं" म्हटलं का हे "पाणी काढलं" गाते. "दुपारची गोळी घ्या" म्हटलं का "गोळी घ्या" म्हणून मलेच बजावते. गल्लीतल्या बाया म्हणते, म्हातारीले येड लागलं. लागू दे. पण दादा, हे सारे माझेच शब्द मले वापस येते. यायचा स्वतःचा एकही नाई. त्याचं लय दुखते.

बाकी ठीक. वहिनीले नमस्कार.

तुझीच भांडकुदळ,
अन्नपूर्णा

ता. क. – हे पत्र तुले बोलवायले लिहिलं नाई. आर्वीवरून दुपारची एसटी असते, ते आपलं सहज सांगतलं.

आणखी एक ता. क. – खोटं काऊन लिहू? लग्न झाल्यापासून यायनं माझं नाव कधी घेतलं नाई. आधी 'अवं', मग 'प्रफुलची माय'. काल मी मनानं एक ओळ रचली आन् शेवटी माझं नाव घातलं. म्हटलं, झिलेत तरी घेतीन. ओळ संपली. हे थांबले. माझ्याकडे पाह्यलं, मग दाराकडे. आन् चालीबिलीशिवाय, साधं बोलल्यासारखं म्हणाले, "रामाजी कुठं आहे?"

एवढा संसार मी केला आन् पहिला शब्द तुझ्या नावाचा. आधी जळली, मग रडली. तू येजो दादा. मशीन आणजो, सिनेमाची चाल लावजो, काहीही करजो, पण यायले जबाब तू देजो.