शुक्रवारी पाचपर्यंत

१४ सप्टेंबर
अमेरिकेत, फ्रीमाँटला सुखरूप पोचलो. मुलानं, अनीशनं मोठ्या हौसेनं टेकडीमागचं आपलं कुत्र्यांचं केंद्र दाखवलं. राखणीची अकरा कुत्री, वासरांएवढी! मी दोन पावलं मागे सरलो. नात आन्या हसली, आजो, डोन्ट वरी. मी सातवी शिकलेला माणूस, काळजीच करत आलो. कुत्र्यांच्या अंगणात जाताना गळ्यात कार्ड लागतं. मुदत संपलेलं कार्ड आत दिसलं, की चोर समजून पिंजरे आपोआप उघडतात. माझ्या, आन्याच्या आणि स्वतःच्या कार्डाची खाती अनीशनं आजच कॉम्प्युटरवर उघडली. मुदत ७ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळी पाच.

२ नोव्हेंबर
आज इथे सगळ्यांनी घड्याळं तासभर मागं घेतली. दर वर्षी घेतात म्हणे. सूर्याला कुणी विचारलं?

३ नोव्हेंबर
प्रल्हाद, इथला नागपूरकडचा कामगार. त्याच्या कार्डाची मुदत आज पाचला संपायची होती. चारलाच पिंजरे उघडले. उजवा हात कोपरापासून गेला. वाळूत बोटं सापडली, एकात अंगठी तशीच. अनीश म्हणतो, कार्ड न घालता गेला असेल. पण मी पाहिलं, रक्तानं भिजलेलं कार्ड गळ्यातच होतं.

५ नोव्हेंबर
दोन दिवस बोटांवर मोजतोय. खाती उघडली जुन्या वेळेनं. आपण घड्याळ मागं घेतलं, कॉम्प्युटर मुदत जुन्याच वेळेनं मोजतोय. त्याचे पाच म्हणजे आपले चार. अनीश म्हणाला, बाबा, तुम्ही अजून गावच्या वेळेवर आहात, चिल करा. शुक्रवारी पाचला रिन्यू करतो.

७ नोव्हेंबर, दुपारी ४.०६
कुत्र्यांच्या अंगणातल्या खाद्याच्या खोलीत अडकलोय. आन्या पिल्लांना बिस्किटं द्यायला आत आली होती. मी मागे धावलो, तोच चार वाजले — सगळे पिंजरे एकदम — तिला या खोलीच्या झरोक्यातून कुंपणाबाहेर ढकललं, ती रस्त्याकडे पळाली. मी मावत नाही. पोटरीचं मांस लोंबतंय. दाराला पाठ लावून लिहितोय. प्रल्हादचं कुणी मानलं नाही, म्हणून लिहितोय.

४.११
फळी फुटली. एकाचं तोंड आत. फावडं घातलं — डोळा फुटला त्याचा — तरी हटत नाही —

अनीशला फोन केला. म्हणे स्क्रीनवर मुदत पाचचीच आहे, पिंजरे बंदच असणार, पाचला वेळ आहे, येतो घ्यायला. मी ओरडलो, तुझंही कार्ड त्याच दिवशीचं — फोन बंद.

४.१९
दारावरची नखं थांबली. सगळी कुत्री अंगणाच्या पत्र्याच्या फाटकाकडे वळली. फाटकाची घंटा वाजली — अनीश, पाच नाही, चार — आत येऊ न