लग्न नसलेली बग्गी

कोलकाता,
रविवार, १९ जानेवारी २०२५

दक्षता,

आधी 'प्रिय' लिहिलेलं, मग खोडलं, मग परत लिहिलं. कागद फाटायला आला म्हणून नुसतं नाव ठेवलंय, राग मानू नको. मी बरा आहे. तू पण बरी असशील. तुझ्या आईचा गुडघा आता कसा आहे? इथे थंडी आहे पण आपल्याकडच्या माणसाला झेपेल अशी. बोटीवर मासे रोज असतात, पण नदीचे. मोहरीच्या तेलात तळतात आणि वर मलाच विचारतात, "कैसा लगा?" मी कोळ्याचा पोर, काय सांगणार. अच्छा है म्हणतो.

तू फोनवर म्हणालीस, "तू मला हसवतोस आणि विषय संपतो. लिहून पाठव." म्हणून लिहितोय. पत्ता तू सांगितलास तसा वागळे इस्टेटच्या तुझ्या कंपनीचाच टाकतोय, म्हणजे मितेशच्या हाती लागायला नको. तुझा भाऊ मनाने चांगला आहे, पण त्याने वाचलं म्हणजे तुमच्या अख्ख्या मोठागावाने वाचलं. माझी शाळा आठवीत सुटली, तेव्हा चुका चालवून घे.

तुझा प्रश्न माझ्या ध्यानात आहे. लग्न मला करायचंय की माझ्या घरच्यांना. त्याचं उत्तर लिहितोच. पण आधी गेल्या रविवारचं सांगू दे, ते डोक्यातून जातच नाहीये.

आमची बोट नदीतला गाळ काढते. गेल्या रविवारी काम बंद होतं. बाकीची पोरं पिक्चरला गेली, मी एकटाच चालत सुटलो. मला एका जागी बसवत नाही, हे तुला घरच्यांनी सांगितलं असेलच. चालत चालत इथल्या मोठ्या मैदानाशी आलो. मैदान म्हणजे केवढं, आपलं दिवा सगळं उचलून आत ठेवलं तरी कडेला क्रिकेट खेळता येईल. झाडं, बकऱ्या, पतंगवाले, फुगेवाले, सगळं त्यातच. आणि रस्त्याच्या कडेने एकामागे एक बग्ग्या उभ्या. आपल्याकडे लग्नात असतात अगदी तशाच. चंदेरी पत्रा, प्लास्टिकची फुलं, लायटिंग, घोड्याच्या डोक्यावर तुरा.

मला वाटलं कोणातरी शेठच्या पोराचं लग्न आहे. एवढ्या बग्ग्या म्हणजे वरात जबरदस्त असणार. मी थांबलो. खरं सांगतो, बँडच्या आशेने थांबलो, इथे आल्यापासून नाचलेलो नाही. बराच वेळ झाला तरी ना बँड ना नवरा. शेवटी बाजूला मुरमुरे खात उभ्या असलेल्या एका काकांना विचारलं, "दूल्हा कब आएगा?" ते माझ्याकडे बघतच राहिले. वरून एक बग्गीवाला म्हणाला, "कौन दूल्हा? ये घूमने का है. बैठोगे?"

म्हणजे इथे लोक लग्न नसताना बग्गीत बसतात, दक्षता. हवा खायला. माझ्यासमोर एक म्हातारा-म्हातारी चढली, बरोबर चहाचा थर्मास. मग तीन पोरी कुल्फी चाटत गेल्या. कोणी वाकून बघत नव्हतं, कोणी पुढे नाचत नव्हतं, कोणी त्यांच्यावर नोटा ओवाळत नव्हतं. मला ते बघून कसंतरीच झालं. वाईट नाही, पण कसंतरी.

बाबांनी आपल्या लग्नाची बग्गी कल्याणवरून ठरवली ना, त्या दिवशी गोदा आत्या मला म्हणालेली, "हलद लागल्याबिगर बग्गीन बसाचा नय, आदीच सांगते." तेव्हा मी हसलेलो. मला कोण बसवतंय म्हटलं. आणि इथे पाय आपोआप पायरीवर गेला.

पहिल्यांदा मी नवऱ्यासारखाच बसलो, ताठ, मधोमध, हात गुडघ्यावर. मग कळलं की कोणीच बघत नाहीये. मग मागे रेललो, पाय लांब केले. घोडा निवांत चालत होता. त्याला घाई नव्हती, मला पण नव्हती. मला घाई नाही असं कधी झालंय? रेतीच्या बोटीवर होतो तेव्हा, वर्कशॉपमध्ये होतो तेव्हा, कायम वाटायचं हे सोडून दुसरीकडे जावं. बग्गीत नाही वाटलं. वाटलं, हे असंच चालू राहू दे.

बग्गीवाला मागे न बघताच गप्पा मारत होता. म्हणाला, "घर कहाँ पड़ता है?"

"बंबई साइड. ठाणा."

"शादी हुआ?"

"नहीं."

"तय हुआ कहीं?"

मी म्हणालो, "नहीं."

हे तुला लिहायचं नव्हतं. दोन पानं इकडचं तिकडचं लिहून हेच टाळत होतो. पण मी तसं म्हणालो. का म्हणालो ते मला माहीत नाही. साखरपुड्याची अंगठी बोटात होती. बोटीवर मशीनमुळे काढून ठेवावी लागते, त्या दिवशी मुद्दाम घालून निघालेलो. तरी पण नहीं म्हणालो.

पुढचं ऐक. थोडं पुढे गेल्यावर एका बसने जोरात हॉर्न मारला, घोड्याने कान टवकारले. मी विचारलं, "ये डीजे से डरता है क्या? हमारे उधर बहुत जोर से बजता है. मेरी शादी में तो दो-दो है."

त्याने बग्गी थांबवली. पूर्ण मागे वळला. "तुम्हारी शादी? अभी तो बोला तय नहीं हुआ."

मी बोटातल्या अंगठीकडे बघितलं.

"भाई," तो म्हणाला, "पहले पता तो कर लो, शादी है किसकी."

तो हसला, मी पण हसलो, घोडा चालायला लागला. पण ती फेरी संपेपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही. हा माणूस मला ओळखत नाही, तुला ओळखत नाही, आणि तू विचारलंस तेच हा विचारतोय.

'नहीं' पण मीच म्हणालो आणि 'मेरी शादी' पण मीच म्हणालो. दोन्ही वेळेला कोणी जबरदस्ती केली नव्हती. मग मी तुला बाजूला बसवून बघितलं, मनातल्या मनात. जमेना. आपण दोनदाच भेटलोय. पहिल्यांदा तू चहा ठेवून आत गेलीस. दुसऱ्यांदा साखरपुड्यात तुझ्या तोंडावर एवढा मेकअप होता की तुझा चेहरा आठवायला गेलो तर तो फोटोवालाच आठवतो, "वहिनी, इकडे बघा" करणारा. पण तुझा आवाज आठवला. हसायच्या आधी तू जरा थांबतेस, श्वास घेतेस, ते आठवलं. ते मला कुठल्याही गोंगाटात ओळखू येईल. आता ह्याचा अर्थ काय धरायचा?

मला वाटायचं मी बग्गीला घाबरतो. बसलो तर मजा आली. मग मी कशाला घाबरतोय? लोकांना? बाबांना? तुला? खूप विचार केला, माझं डोकं तेवढं चालत नाही.

बाबांना हे लग्न हवंय, हे नक्की. माझं उत्तर एकाच फेरीत दोनदा आलं, दोन्ही वेळा वेगळं. ह्याहून खरं माझ्याकडे काही नाही. आणि आता हे लिहिताना ध्यानात आलं की तू मला विचारलंस, पण तुला कोणी विचारलंच नाही. मी पण नाही.

मार्चमध्ये मला सुट्टी आहे. तू कामावरून सुटलीस की उपवन तलावावर ये. मितेश नको, आत्या नको, फोटोवाला नको. नुसती एक फेरी मारू, चालत. मी हसवणार नाही. त्यानंतर तुला नाही म्हणावंसं वाटलं तर घरी सांगू नको, मी सांगेन की पोराने मोडलं. तुझ्या नावावर काही येणार नाही. शिव्या मी खाईन, मला सवय आहे. आणि हो म्हणायचं असेल तर मला बरं वाटावं म्हणून म्हणू नको.

त्या बग्गीवाल्याला मी काय म्हणालो ते तुला कळवलं नसतं तरी चाललं असतं, तुला कुठून कळणार होतं. पण मग हळदीच्या दिवशी सगळे नाचत असताना ते माझ्या एकट्याच्याच डोक्यात राहिलं असतं.

खाली 'तुझा' लिहायला अजून हात वळत नाही, आणि 'तुझा नाही' असं पण लिहवत नाही.

सध्या नुसता,
साईनाथ